ट्रोलिंगला रॉड स्थिर राहत नाही? नवा होल्डर घेण्याआधी हे तपासा

नारळी पौर्णिमा उलटली की ट्रोलिंग करणाऱ्या, म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत मासे धरणाऱ्या, बेलापूर, नेरुळ, वाशीकडच्या हौशी गळवाल्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "होल्डर बेकार निघाला, दुसरा कुठला घेऊ?" मी उलट विचारतो की हलतंय नेमकं काय? यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. रॉड हलतो एवढंच त्यांना दिसलेलं असतं. पण रॉड फिरणं, झुकणं, थरथरणं आणि निसटणं हे चार वेगळे आजार आहेत. नवा होल्डर त्यातल्या जेमतेम एकावर लागू पडतो.

हे सगळं 14 ते 18 फुटी फायबरच्या होडीबद्दल आहे. मागे आऊटबोर्ड इंजिन, काठाला रॉड खोचायचे दोन-तीन होल्डर, दोन माणसं. लाकडी होडीला फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

आधी लक्षणं

रॉड होल्डरमध्ये स्वतःभोवती फिरतो, वरचं रीळ हळूहळू बाजूला किंवा खाली येतं: दोष रॉडच्या बुडाशी आहे.

रॉड होल्डरसकट मागे झुकतो, सरळ केला की थोड्या वेळात पुन्हा तसाच: क्लॅम्प किंवा कोन बदलायचे दाते.

होल्डर जागेवरच, पण त्याचा तळ काठावर डुलतो, मधूनच 'कुर्र' असा आवाज येतो: स्क्रू किंवा त्यांच्या खालचं फायबर.

टोक एकसारखं बारीक थरथरतं: बऱ्याचदा हा दोष नसतोच. त्याबद्दल खाली.

सगळे रॉड एकाच तालात थरथरतात, बसायची फळीसुद्धा: होल्डर विसरा, इंजिन आणि पंख्याकडे बघा.

जाताना ठीक, येताना बेजार: हे तर पाण्याचं काम.

कशालाही हात लावण्याआधी एक दोरी

प्रत्येक रॉडला सुरक्षा दोरी हवी. 4-5 मिलिमीटरची नायलॉनची दोरी, एका टोकाला रिळाच्या पायाभोवती फास, दुसरं टोक होडीच्या पक्क्या कड्याला. होल्डरला बांधू नका, होल्डर उपटला तर दोघंही जातील. रॉड उचलून हातात घेता येईल एवढी ढील ठेवा, त्याहून जास्त ठेवली तर पायात येते. खाडीच्या गढूळ पाण्यात बुडालेला रॉड पुन्हा दिसत नाही. पुढच्या तपासण्यांत तुम्ही मुद्दाम ताण देणार आहात, म्हणून दोरी आधी.

जेट्टीवरची काट्याची परीक्षा

होडी बांधलेली असताना करायची. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या. रॉड होल्डरमध्ये ठेवा, रिळाचा ड्रॅग (दोरी किती ओढीला सुटावी ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करा, रिळावरची दोरी रॉडच्या सगळ्या कड्यांमधून काढून तिचं टोक काट्याला बांधा. एकाने जेट्टीवर, होडीच्या मागच्या बाजूला उभं राहून हळूहळू 3 किलोपर्यंत ओढायचं. झटका द्यायचा नाही.

दुसऱ्याने या वेळात होल्डरच्या सांध्यांवर बोट ठेवायचं. बोटाचं पेर निम्मं एका भागावर, निम्मं दुसऱ्यावर. रॉड आणि नळी यांच्यामध्ये, मग नळी आणि क्लॅम्प, मग क्लॅम्प आणि रेलिंग, शेवटी तळ आणि होडीचा काठ. डोळ्याला दिसत नाही ते अर्धा मिलिमीटरचं सरकणं बोटाला लगेच कळतं. ज्या सांध्यावर बोटाखाली पायरी तयार होते, तिथे रोग. तिथून पुढे सगळं सोपं आहे, कारण बाकीच्या तीन सांध्यांवर पैसे घालायचे नाहीत.

एकही सांधा सरकला नाही तर दोष होल्डरमध्ये नाही, बहुधा चालवण्यात आहे. तेव्हा पहिली फुकटची तपासणी तीच.

वेग: मोबाइल काय दाखवतो आणि रॉडला काय कळतं

जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो. ल्युअर (गळ लावलेला नकली मासा) आणि दोरी पाण्याच्या हिशेबाने ओढली जातात. समजा पाण्याला 2 नॉटची ओढ आहे आणि तुम्ही मोबाइल बघून 4 नॉट कायम ठेवलेत. ओहोटीबरोबर जाताना ल्युअर पाण्यात फक्त 2 नॉटने चालतो. वळून ओहोटीवर चढायला लागलात की तोच ल्युअर 6 नॉटने ओढला जातो. वेग तिप्पट आणि पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे रॉडवरची ओढ साधारण नऊपट. त्याच होल्डरला आधी काही होत नव्हतं आणि आता तो मान टाकतो, यात त्याचा काय दोष?

उधाणाला मुंबई बंदरात भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो. तेवढं पाणी ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाडीतून सहा-सात तासांत आत-बाहेर होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा त्रास जास्त, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या, दिवसांत कमी. पुलांच्या खांबांपाशी धार अरुंद होऊन वाढते, त्यामुळे अटल सेतूच्या किंवा वाशीच्या खांबांजवळून जाताना रॉड अचानक वाकला तर तो मासाच असेल असं नाही.

उपाय: इंजिनचा आवाज आणि ल्युअरची चाल यांवर वेग ठरवा. ल्युअर होडीच्या बाजूला, नजरेसमोर पाण्यात सोडा, नीट पोहतोय तेवढाच वेग ठेवा आणि प्रवाह बदलला की पुन्हा बघा. ओहोटीवर चढताना मोबाइल 2 दाखवत असेल तरी चालतं. रागावू नका, हळू जा.

वळणंही मोठी घ्या. आखूड वळणात बाहेरच्या बाजूची दोरी धावते आणि तो रॉड वाकतो, आतली ढिली पडते. मग सरळ होताना ढिली दोरी एकदम ताणली जाऊन झटका बसतो. होल्डरचे दाते झिजतात ते अशा झटक्यांनी.

थरथर: कुठली चांगली, कुठली वाईट

पुढे जिभेसारखी पट्टी असलेला, खोल जाणारा ल्युअर पाण्यात डुलत चालतो आणि त्याची थरथर दोरीवरून रॉडच्या टोकाला येते. ती एकसारखी असेल तर काळजी नको, उलट ल्युअर नीट चालल्याची ती पावती. टोकावर नजर ठेवायची ती यासाठी. थरथर थांबली आणि रॉड नेहमीपेक्षा थोडा जास्त वाकून मुकाट राहिला, की गुंडाळून घ्या. आपल्या खाडीत दर वेळी काय निघतं ते सांगायला नको: गुटख्याची पुडी, दुधाच्या पिशवीचा कोपरा, तुटक्या जाळ्याचा धागा. एवढीशी पुडी तीनतोंडी गळावर आडवी बसली तरी ल्युअर पोहायचा थांबून फिरकी घेतो, दोरीला पीळ भरतो, आणि लोक 'रॉड वेडावाकडा ओढतोय' म्हणून होल्डर आवळत बसतात.

ब्रेडेड (विणलेली) दोरी वापरत असाल तर आणखी एक. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे लाटेवर होडीने मारलेली प्रत्येक उसळी थेट होल्डरपर्यंत पोहोचते. पुढे 8-10 मीटर साधा तंगूस (एकेरी नायलॉनची दोरी) जोडा. तो ताणला जातो आणि झटका पोटात घेतो. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे.

ड्रॅग

ट्रोलिंगला ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर ठेवावा, फार तर एक तृतीयांशावर. 20 पौंडी दोरी म्हणजे सुमारे 9 किलो, तेव्हा ड्रॅग सव्वादोन किलोच्या आसपास. बोटाने अंदाज घेऊ नका, तो काटा आहेच. ड्रॅग पूर्ण आवळून ठेवला की मासा लागल्यावर किंवा गळ तळाला अडकल्यावर रीळ दोरी सोडत नाही आणि होडीचं सगळं वजन रॉडवर येतं. सुटणारा ड्रॅग हा सगळ्यात स्वस्त विमा.

बुडाशी काय चाललंय

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

होडीवरच्या ट्रोलिंग रॉडच्या बुडाला धातूची फुलीची खाच असते आणि चांगल्या होल्डरच्या तळाला आडवी पिन. खाच पिनेवर बसली की रॉड फिरू शकत नाही. पण रॉड विकत आणताना त्या खाचेवर रबरी टोपी चढवलेली असते, मासा ओढताना बूड पोटाला लागू नये म्हणून. ती टोपी तशीच ठेवून रॉड होल्डरमध्ये घातला तर खाच पिनेपर्यंत पोहोचतच नाही. वर मल्टिप्लायर रीळ (रॉडच्या वरच्या बाजूला बसणारं) असेल तर सगळं वजन रॉडच्या वरच्या अंगाला. थोडा धक्का बसला की ते खाली लोळण घेणारच. टोपी काढा, रॉड फिरवून 'खट्' असा बसवा. अनेकांचा प्रश्न इथेच, शून्य रुपयांत सुटतो.

स्पिनिंग रॉडला खाच नसते. त्याचं रीळ खाली लटकतं, म्हणून तो उलटा फिरत नाही. पण होल्डरच्या तोंडाला रिळाची दांडी शिरेल अशी चीर नसेल तर रिळाचा पाय कडेवर टेकतो, बूड तळाला पोहोचत नाही आणि रॉड वरच्या वर डुलत राहतो. पीव्हीसी पाइपचा घरगुती होल्डर असेल तर हॅकसॉने चीर पाडा, कडा पॉलिश पेपरने मऊ करा.

रॉड नळीत किती खोल जातो याला फार महत्त्व आहे. हिशेब बघा. टोकाला आडवी 2 किलोची ओढ, टोक होल्डरच्या तोंडापासून 2 मीटरवर आणि 20 सेंटिमीटर बूड आत. होल्डरच्या कडेवर जोर येतो साधारण 22 किलोचा. बूड 10 सेंटिमीटरच आत असेल तर तोच जोर 40 किलोच्या पुढे. जेट्टीवरून लांब फेकायचा 9 फुटी रॉड होडीवर लावला की यात आणखी भर. ट्रोलिंगचे रॉड साडेपाच ते सात फुटांचे असतात ते यासाठीच. किनाऱ्यावरचा लांब रॉड होडीत आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो होल्डर मोडत नसला तरी शेजाऱ्याच्या टोपीत गळ नक्की अडकवतो.

नळीत बूड सैल असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दोन-तीन वेढे द्या. दोन जागी द्या, एक तळाशी आणि एक तोंडाशी. एकाच जागी दिलात तर रॉड तिथेच कुऱ्हाडीच्या सैल दांड्यासारखा डगमगेल. मात्र घट्टपणाची एक हद्द आहे: ताणाखाली असलेला रॉड एका हाताने वर निघाला पाहिजे. मासा लागल्यावर दोन्ही पाय काठाला लावून रॉड उपसावा लागत असेल तर वेढा कमी करा. रॉड होल्डरमध्ये चिकटवण्याचा विचारसुद्धा करू नका.

कोन

मागचे रॉड जवळजवळ सरळ मागे आणि खाली झुकलेले, बाजूचे रॉड बाहेर. मागचा रॉड जितका उभा, तितकी ओढ त्याला आडवी लागते आणि होल्डरला पीळ पडतो. तो दोरीच्या दिशेने झुकवला की पीळ उतरतो आणि ओढ रिळावर, म्हणजे ड्रॅगवर येते. पूर्ण झुकवू मात्र नका, थोडी लवचीक कमान राहू दे.

क्लॅम्प आणि दाते

रेलिंगला आवळायचे होल्डर सरकतात याचं नेहमीचं कारण मापाचं. पाइप 22 मिलिमीटरचा आणि क्लॅम्प 25 चा असेल तर तो कितीही आवळा, फक्त दोन ठिकाणी टेकतो. मध्ये रबरी पट्टी घाला, ट्यूबचीच चालेल. साधे नट कंपनाने सुटतात, त्याऐवजी आत नायलॉनचं कडं असलेले लॉकनट लावा. खाऱ्या पाण्यात 304 स्टीललाही तांबूस डाग पडतात, बोल्ट नवे घेताना 316 मागा. थोडे महाग आहेत.

कोन बदलायचे प्लॅस्टिकचे दाते उघडून बघा. टोकं गोल झाली असतील तर आवळून उपयोग नाही, तो भाग बदलाच. उन्हाने पांढुरका पडलेला पीव्हीसी पाइपही बदला, तो एखाद्या झटक्याला सरळ फुटतो.

तळ: इथून पुढे काम अवघड

काट्याच्या परीक्षेत तळच हलत असेल तर आधी स्क्रू ड्रायव्हर लावून बघा. स्क्रू आवळला गेला तर ठीक. गरागरा फिरत राहिला तर खालचं फायबर किंवा प्लाय त्याला धरत नाहीये. जास्त जाड स्क्रू घालून वेळ मारून नेतात, त्याने भोक मोठं होतं आणि पुढचं काम वाढतं. भोकात लांबी (पुट्टी) भरून त्यातच पुन्हा स्क्रू मारणं हेही तात्पुरतंच.

खरा उपाय आरपार बोल्ट. काठाच्या खालून हात पोहोचत असेल तर वरून बोल्ट, खाली होल्डरच्या तळापेक्षा मोठा मरिन प्लायचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा, मोठे वॉशर आणि लॉकनट. हा तुकडा नसेल तर सगळा जोर नटाएवढ्या जागेवर येतो आणि पातळ फायबर चिरतं. ॲल्युमिनियम वापरलंत तर स्टीलच्या बोल्टला ते थेट टेकू देऊ नका, खारं पाणी मिळालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. भोकांत आणि तळाखाली होडीसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट भरा. बाथरूमचा सिलिकॉन इथे टिकत नाही, आणि पाणी प्लायमध्ये मुरलं की आतून कुजतं.

भोक पाडण्याआधी खालच्या बाजूला मोबाइल धरून फोटो काढा. पेट्रोलची नळी, वायर, टाकी, काय आहे ते दिसू दे. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा म्हणजे वरचा चकचकीत थर टवके न उडता कापला जातो. लाकडी होडीला फळीच्या कडेजवळ भोक नको, फळी उभी चिरते.

हे काम मासेमारी बंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलै, होडी वर काढलेली असताना करणं बरं. पण शेडमध्ये. भिजलेल्या फायबरवर सीलंट धरत नाही.

सगळंच थरथरतंय

थरथर होडीभर असेल तर इंजिन न्यूट्रलला घ्या आणि थ्रॉटल अगदी थोडा वाढवा. थरथर गेली तर पंखा किंवा त्याचा शाफ्ट. राहिली तर इंजिन किंवा त्याचे रबरी माउंट. पंखा बघायचा तो इंजिन बंद करून, किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची) दोरी काढून, इंजिन वर उचलून. तंगूस गुंडाळलेला असेल तर कापून काढा. पात्याची कड तुटली किंवा वाकली असेल तर हातोडी घेऊ नका. इंजिन होडीला धरणारे दोन स्क्रू हाताने तपासा, कंपनाने तेही सैल होतात.

इथे थांबा

पाण्यावर असताना गळ तळाला, खुंटाला किंवा कुणाच्या डोल जाळ्याला अडकला तर लगेच न्यूट्रल. रॉड होल्डरमध्ये ठेवून इंजिनच्या जोराने सोडवायला जाऊ नका. उलट गिअर टाकून दोरीवर होडी आणू नका, दोरी पंख्यात जाते. दोरी होडीच्या मागच्या कड्याला बांधून ओहोटीच्या धारेत थांबणं तर सगळ्यात वाईट: मागचा भाग खाली ओढला जातो आणि पाणी आत येतं. दोरी कापा. वीस-पंचवीस मीटर तंगूस गेला तर गेला. जाळं कोळी बांधवाचं असेल तर त्याला जाऊन सांगा, ल्युअर कदाचित परतही मिळेल. ऐरोली ते वाशी पुलांमधला फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा, भाभा केंद्राचा किनारा आणि जेएनपीए बंदराच्या जहाजांची वाट, या जागा होल्डर तपासायच्या नव्हेत, ट्रोलिंगच्याही नव्हेत.

आणि पुढचं काही दिसलं तर हत्यारं खाली ठेवून कारागिराला बोलवा. होल्डरच्या तळाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. काठावर नाण्याने टकटक केल्यावर एका ठिकाणी टणक आवाज आणि दोन बोटं पलीकडे भद्द. बोल्ट काढल्यावर भोकातून तपकिरी पाणी. इंजिन टांगलेली मागची फळी इंजिन हलवल्यावर हलते. हे होल्डरचं दुखणं राहिलेलं नाही, होडीचं आहे, आणि त्यासाठी फायबरचं काम करणाराच हवा. वाकलेला शाफ्ट, तुटका पंखा, माउंट हे आऊटबोर्डच्या मेकॅनिकचं काम. रेलिंगचा जोड तुटला असेल तर आर्गॉन वेल्डिंगवाला, पण त्याला होडीवर बोलावण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवा आणि बॅटरी सोडवा. शक्य असेल तर रेलिंगच काढून त्याच्याकडे न्या.

कारागिराला फोन करताना 'होल्डर हलतोय' एवढंच सांगू नका. काट्यावर किती किलोला हललं, कुठल्या सांध्यावर बोटाला कळलं, नाण्याचा आवाज कुठून कुठपर्यंत बदलतो ते सांगा, तिथे मार्करने रेघ मारून वरून आणि काठाच्या खालून एकेक फोटो पाठवा. किती भाग कापावा लागेल याचा अंदाज त्याला घरबसल्या येतो आणि भावही तिथेच ठरवता येतो.